मुंबई बाजूला सारून तुतीकोरिन ऐकायचं कसं: दोन अँटेनांचं फेजिंग

निफाडकडे आमच्या मामांचा मळा आहे, द्राक्षाची बाग आणि तिला लागून कांद्याचं वावर. डिसेंबर लागला की शनिवारी दुपारी मी रेडिओ, बॅटरी, वायरची दोन भेंडोळी आणि कोॲक्स केबल गाडीला बांधून नाशिकहून तिकडे निघतो. घरी काय होतं, सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मीडियम वेव्ह लावली की नुसती घरघर, कुणाचा एलईडी बल्ब, कुणाचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, सगळ्यांचा मिळून एक काला झालेला असतो. मळ्यात हा त्रास खूप कमी. त्यात थंडीची रात्र मोठी आणि आभाळात विजा नाहीत, म्हणून लांबची स्टेशनं ऐकायचा हाच खरा सीझन. निफाडचा पारा किती उतरला ते दरवर्षी पेपरात येतंच, त्या थंडीत शेकोटीशेजारी हेडफोन लावून बसायला मला फार आवडतं.

तर काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मला आकाशवाणीचं तुतीकोरिन पकडायचं होतं. १०५३ किलोहर्ट्झ, २०० किलोवॅटचा ट्रान्समीटर, श्रीलंकेतल्या श्रोत्यांसाठी तमिळ आणि सिंहली कार्यक्रम लागायचे त्यावर. नाशिकपासून सरळ रेषेत अंदाजे तेराशे किलोमीटर, पण रात्रीच्या वेळी एवढ्या ताकदीचं स्टेशन इतक्या लांब सहज पोचतं. अडचण शेजाऱ्याची होती. आपल्याकडे मीडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झवर बसवलेली असतात आणि १०५३ ला चिकटून पलीकडे १०४४, म्हणजे आकाशवाणी मुंबई, जी नाशिकहून सरळ रेषेत जेमतेम १४० किलोमीटरवर आहे. मुंबईचा सिग्नल एवढा दणदणीत यायचा की त्याच्या कडा थेट १०५३ पर्यंत सांडायच्या. तुतीकोरिन तिथे होतं, मधूनच एखादी तमिळ ओळ वर यायची आणि लगेच बुडायची.

(मधल्या काळात आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झालेत, त्यामुळे तुमच्याकडे आज काय काय लागतं ते आधी बँडवर फिरून बघा. पण खाली जे सांगतोय ते कुठल्याही दोन स्टेशनांना लागू आहे.)

नवीन माणूस इथे पहिली गोष्ट काय करतो तर मोठी अँटेना लावतो. मीही केलं. वायर दुप्पट लांब केली, उंच केली, आणि झालं काय की तुतीकोरिन वाढलं तेवढंच मुंबईही वाढलं. भरलेल्या मंगल कार्यालयात कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजींचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून कानाला कर्णा लावला तर बँडवालाही तेवढाच मोठा होणार ना, तसं. आजींचं ऐकायचं तर बँडवाल्याला थांबवायला पाहिजे. लांबचं ऐकण्यात निम्म्याहून जास्त काम हे जवळच्याला गप्प करण्याचं असतं, ही गोष्ट मला उशिरा कळली आणि कळल्यावर माझी ऐकायची सगळी पद्धतच बदलली. या गप्प करण्याला रेडिओवाले 'नल' म्हणतात, म्हणजे शून्य.

नल काय असतो ते बघायला काहीही विकत घ्यायला नको. घरातला साधा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर दिवसा एखादं स्टेशन लावा आणि रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम पडतो. आत फेराईटचा काळा दांडा असतो, त्याचं टोक स्टेशनच्या दिशेने आलं की दांड्याला जवळपास काहीच मिळत नाही. नाशिकमधून मुंबई नैऋत्येला, तर रेडिओची अरुंद बाजू नैऋत्येला केली की मुंबई खाली बसते. लहानपणी आजोबा रेडिओ फिरवून फिरवून लावायचे तेव्हा त्यांना ही थिअरी माहीत नव्हती, पण हाताला माहीत होती.

मग एवढं सोपं आहे तर दोन अँटेना कशाला? कारण दांड्याचा नल दोन्ही टोकांना असतो, नैऋत्य गप्प केली की ईशान्यही जाते, म्हणजे इथून जळगावची दिशा गेली. आणि लांबचं नाजूक स्टेशन ऐकायला दांडा फार छोटा पडतो, लांब वायर लागते, आणि तीस मीटरची वायर काही हातात धरून फिरवता येत नाही. फेजिंगमध्ये, म्हणजे दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांतून वजा करण्याच्या पद्धतीत, अँटेना जागेवरच राहते आणि नल नॉबने फिरतो.

आता ते कसं होतं ते बघू. आपल्याकडच्या ढोलाचंच घेतो.

समजा मिरवणूक येतेय. मी रविवार कारंजावर उभा आणि माझा मित्र मेन रोडच्या बाजूला माझ्यापासून शंभर मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोल मित्राच्या बाजूने येत असेल तर त्याला ठोका आधी ऐकू येणार आणि मला सुमारे ०.३ सेकंदाने उशिरा. ढोल आम्हा दोघांच्या बरोबर आडव्या बाजूला असेल, म्हणजे दोघांपासून सारख्याच अंतरावर, तर ठोका दोघांना एकदमच. म्हणजे आम्हा दोघांना ऐकू येण्यात किती फरक पडतो त्यावरून आवाज कुठून आला ते ठरतं. आता दोघांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. मित्राचं रेकॉर्डिंग मी बरोबर ०.३ सेकंदाने मागे सरकवलं, उलटं केलं म्हणजे लाटेचा चढ तो उतार आणि उतार तो चढ केला, आणि माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळलं. मित्राच्या बाजूचा ढोल गेला! दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये तो आता त्याच क्षणी आहे, तेवढाच मोठा आहे, फक्त उलटा, त्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतो. पण आडव्या बाजूला जो सनईवाला आहे त्याच्यात ०.३ चा फरकच नव्हता, त्याच्यावर ती वजाबाकी बसत नाही आणि तो शिल्लक राहतो.

सगळं फेजिंग एवढंच आहे. दोन माणसांच्या जागी दोन अँटेना, ढोलाच्या जागी मुंबई आणि सनईच्या जागी तुतीकोरिन.

फक्त रेडिओची लाट आवाजापेक्षा भयंकर वेगाने जाते, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात म्हणजे एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर. म्हणून इथे सेकंदात बोलण्याऐवजी फेजमध्ये बोलतात. लाटेचा एक पूर्ण चढउतार म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एक पूर्ण फेरा धरा, ३६० अंश. १०४४ किलोहर्ट्झची एक लाट २८७ मीटर लांब असते, म्हणजे अँटेना एक मीटर पुढेमागे केली की काटा सव्वा अंशाने सरकतो. ६० मीटर अंतर ठेवलं तर मुंबईच्या सरळ रेषेत सुमारे ७५ अंशांचा फरक. दुसऱ्या अँटेनाचा काटा आपण सर्किटमधून फिरवायचा आणि पहिल्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर आणायचा. बाराकडे एक काटा, सहाकडे दुसरा, दोघांची लांबी सारखी, बेरीज शून्य.

लांबी सारखी हे विसरू नका, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. काटा फिरवून बरोबर समोर आणला पण एक अँटेना मुंबई जरा जोरात घेतेय आणि दुसरी जरा कमी, तर तेवढा फरक उरतोच. हिशोब असा आहे की दोघांच्या ताकदीत १० टक्के फरक राहिला तर मुंबई २० डेसिबलच खाली जाते, १ टक्का राहिला तर ४०. फेजचंही तसंच, एका अंशाची चूक असेल तर ३५ डेसिबलच्या पुढे जाता येत नाही आणि सहा अंशांची असेल तर २० वर गाडी थांबते. एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या रेडिओच्या मीटरवर, एक घर म्हणजे ६ डेसिबल धरतात, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून फेजरला, म्हणजे हे काम करणाऱ्या डब्याला, कायम दोन नॉब असतात, एक फेजचा आणि एक लेव्हलचा म्हणजे ताकदीचा, आणि दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत. नुसता फेजचा नॉब फिरवत बसून काही होत नाही.

अंतर किती ठेवायचं याचा हिशोब मी मामांच्या ओट्यावर बसून वहीत केला होता तो इथे देतो, कारण त्याने माझे डोळे उघडले. तुतीकोरिन नाशिकपासून दक्षिण-आग्नेयेला आहे, मुंबईच्या आणि त्याच्या दिशेत सुमारे ७० अंशांचा कोन पडतो. दोन अँटेना मुंबईच्या रेषेत ३० मीटरवर ठेवल्या तर मुंबईचा फरक ३८ अंश आणि तुतीकोरिनचा १३-१४, म्हणजे दोघांच्यात २४ अंशांचीच तफावत. मुंबई पूर्ण खोडली तरी तुतीकोरिनही एका अँटेनावर यायचं त्यापेक्षा ७-८ डेसिबल खाली जातं. तेच अंतर ६० मीटर केलं तर तफावत ४८ अंश होते आणि तुतीकोरिन फक्त २ डेसिबलने पडतं. पैसा एक नाही, नुसती केबल लांब केली. खूप जवळ ठेवलेल्या अँटेनांना दोन्ही स्टेशनं जवळपास सारखीच दिसतात, मग एकाला खोडताना दुसरंही खोडलं जातं. दोन्ही स्टेशनं एकाच दिशेला असतील तर मग काहीच करता येत नाही, अंतर किती का असेना.

अँटेना मुंबईच्या रेषेत लावायच्या की रेषेला आडव्या, यावरही फरक पडतो. आडव्या लावल्या तर तुतीकोरिनच्या बाबतीत आकडे अजून चांगले येतात, पण मग नल पुढे-मागे दोन्हीकडे पडतो, फेराईटच्या दांड्यासारखाच, आणि जळगाव पुन्हा जातं. रेषेत लावल्या की नल फक्त मुंबईकडे आणि तोही चांगला रुंद. मला रेषेतच पटतं. बागेच्या ओळी नेमक्या कुठल्या दिशेला आहेत यावर शेवटी हे ठरतं म्हणा.

आता सर्किट. काटा फिरवायचा म्हणजे सिग्नलला उशीर करायचा आणि उशीर करायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे केबल लांब करणे. आरजी-५८ केबलमध्ये सिग्नल मोकळ्या हवेच्या दोन तृतीयांश वेगाने जातो, एक मीटरला ५ नॅनोसेकंद. शॉर्टवेव्हवर ४१ मीटर बँडला दहा मीटर केबलचं वेटोळं टाकलं की काटा सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत फिरतो, तिथे हे जमतं. मीडियम वेव्हवर तेवढीच केबल १८-१९ अंश देते, ९० अंशांना पन्नास मीटर लागेल, म्हणून तिथे सर्किटच पाहिजे.

मी जे वापरतो ते फार जुनं आणि सुंदर सर्किट आहे. छोट्या फेराईट टोरॉइडवर म्हणजे कड्यावर ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, त्याच्या दुसऱ्या वाइंडिंगला मधोमध टॅप. दोन टोकांच्या मध्ये एक कपॅसिटर आणि एक व्हेरिएबल रेझिस्टन्स म्हणजे पॉट असे मालिकेत जोडायचे आणि आउटपुट घ्यायचं ते मधला टॅप आणि त्या दोघांचा जोड यांच्यामधून. पॉट फिरवला की सिग्नलची ताकद आहे तेवढीच राहते पण फेज ० पासून १८० पर्यंत सरकत जाते. मी ३३० पिकोफॅरड आणि ५ किलोओहमचा पॉट लावलाय, १ मेगाहर्ट्झच्या आसपास पॉट ५०० ओहमवर आला की ९० अंश होतात आणि पूर्ण फिरवला की जवळपास १७०. उरलेल्या अर्ध्या फेऱ्यासाठी एक टॉगल स्विच, जो ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी करतो. पुढे एक एफईटी बफर, म्हणजे मागच्या सर्किटवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा ट्रान्झिस्टरचा टप्पा, लागतोच, कारण आउटपुटवर लोड आला तर ताकद सारखी राहत नाही आणि मग फेजचा नॉब फिरवताना लेव्हलही हलते, दोन्ही नॉब एकमेकांच्या पायात येतात. पहिल्या वेळी मी बफर टाळला होता आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. तयार घ्यायचा तर एमएफजे-१०२६ नावाचा डबा लोक वर्षानुवर्षं वापरत आलेत, पण कंपनीने २०२४ मध्ये उत्पादन बंद केलं, आता जुनाच मिळाला तर मिळाला. आणि ज्यांच्याकडे आरएसपीड्युओसारखा दोन ट्यूनरचा एसडीआर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ आहे त्यांना हे सगळं कॉम्प्युटरमध्ये करता येतं, अट एकच की दोन्ही ट्यूनर एकाच क्लॉकवर चालले पाहिजेत, दोन वेगवेगळे स्वस्त डोंगल लावून हे होत नाही कारण त्यांचे काटे आपापल्या मनाने फिरत असतात.

प्रत्यक्ष नल काढताना मी काय करतो ते सांगतो. संध्याकाळी पाचला, उजेड असताना. रेडिओ १०४४ वर. एजीसी, म्हणजे आवाज आपोआप सारखा ठेवणारी रेडिओतली सोय, बंद, हे सगळ्यात आधी, कारण एजीसी चालू असेल तर सिग्नल पडला की रेडिओ आपणहून गेन वाढवतो आणि कानाला फरकच कळत नाही, नल हातातून निसटून जातो आणि तुम्हाला वाटतं फेजरच खराब आहे. मग दुसरी अँटेना बंद करून पहिली बघायची, मीटर एस ९ च्या वर २० डेसिबल. आता पहिली बंद, दुसरी चालू, लेव्हलचा नॉब फिरवून तिलाही तिथेच आणायची. आता दोन्ही चालू. फेजचा नॉब एकदम हळू. एका बाजूला आवाज वाढत जातो, दुसऱ्या बाजूला उतरतो, उतरत्या बाजूला जायचं आणि जिथे पुन्हा वाढायला लागतो तिथून केसभर मागे यायचं. मग लेव्हल थोडी. मग फेज थोडा. मग लेव्हल. विहिरीत पडलेली कळशी गळाने काढतात ना तसं, टोक लागलंय हे कळतं पण ओढायची घाई केली की सुटतं. आणि मग एका क्षणी बातम्या वाचणारा आवाज आक्रसत जातो, आधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो आणि मग फुसफुस उरते. मीटर एस ६ वर. म्हणजे ३८ डेसिबल गेले. मुंबईची लाट अजून त्या वावरावरून तशीच जातेय, दोन्ही वायरी ती पूर्ण ताकदीने घेतायत, आणि डब्यात येऊन दोघी एकमेकींना मिटवतायत. इतक्या वेळा केलंय तरी त्या क्षणाला माझ्या अंगावर काटा येतो.

पहिल्यांदा जमलं तेव्हा मामा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "अरे, मुंबई बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही मामा, तुमच्या खिशातल्या रेडिओवर बघा." त्यांनी लावला तर दणकून चालू. त्यांनी माझा हेडफोन कानाला लावला, मग आपला रेडिओ, मग परत माझा हेडफोन. नंतर रेडिओ १०५३ वर नेला आणि अंधार पडत गेला तसं तमिळ गाणं वर यायला लागलं, आधी श्वासासारखं आणि साडेसहानंतर शब्द न् शब्द. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे एवढ्या लांबून येतं आणि रोज आपल्या बागेवरून जातं?"

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, नाहीतर रात्री करून बघाल आणि नाराज व्हाल. दिवसा मुंबई नाशिकला जमिनीवरून येते, ती लाट स्थिर असते, एकदा काढलेला नल तासभर हलत नाही. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर, जो दिवसा मीडियम वेव्ह गिळून टाकतो, तो विरतो, आणि मग तीच मुंबई वरून आदळूनही यायला लागते. शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात या दोन्ही लाटा जवळपास तोडीस तोड असतात आणि वरची लाट सतत सरकत असते. म्हणजे गप्प करायचा माणूसच जागा बदलत राहतो. मग नल मिनिटभर टिकतो, कधी दहा सेकंद, आणि हात नॉबवरून काढता येत नाही. म्हणून सूर्यास्ताच्या आसपासचा अर्धा-पाऊण तास हा सोन्याचा, लांबची स्टेशनं उठायला लागलेली असतात आणि मुंबई अजून बरीच स्थिर असते. मी तो वेळ जेवणासाठी कधीच देत नाही, मामी रागावतात.

बागेने मला अजून एक धडा दिला. पहिल्या वर्षी मी एक अँटेना मांडवाच्या अगदी शेजारी उभी केली होती, लोखंडी अँगलना दोरीने बांधून, सोयीचं होतं म्हणून. नल काही केल्या १५ डेसिबलच्या खाली जाईना आणि दर शनिवारी नॉब वेगळ्याच जागी. कारण मांडव म्हणजे शेकडो मीटर तारांची जाळी, ती स्वतःच मुंबई घेते आणि परत फेकते, अगदी मोठ्या अँटेनासारखी, आणि तारांचे गंजलेले जोड हलले, दव पडलं की तिचा मूड बदलतो. अँटेना कांद्याच्या वावरात मांडवापासून पंचवीस-तीस मीटर लांब नेली आणि नल तळाला गेला. तुमच्याकडे बाग नसेल पण तारेचं कुंपण असेल, पत्र्याचं शेड असेल, त्यांच्यापासून लांब रहा. आणि डीपीपासून, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून तर रहाच, तिथे वायर फेकणं हा जिवाशी खेळ आहे. आभाळ आलं की अँटेना काढून ठेवायची, अवकाळीचा भरवसा नाही.

घरच्या घरघरीवरही हीच युक्ती चालते आणि शहरातल्या लोकांना खरं तर ही जास्त उपयोगाची आहे. इथे दुसरी अँटेना चांगली असायची गरज नाही, ती मुद्दाम 'वाईट' पाहिजे, म्हणजे घरघर जिथून येते त्याच्या जवळ ठेवलेली दोन-तीन मीटरची वायर. तिला घरघर भरपूर आणि स्टेशन जवळपास शून्य. गच्चीवरच्या मुख्य अँटेनाला स्टेशन अधिक घरघर. वजाबाकी केली की घरघर जाते आणि स्टेशनला धक्काही लागत नाही. आमच्याकडे लिफ्टच्या मशीन रूमच्या बाहेरच्या भिंतीला मी अशी वायर लावली, सोसायटीला विचारून, आणि ४१ मीटर बँड परत माणसात आला.

पण हे होण्याआधी एक महिना नुसता मनस्ताप होता, कारण घरघर कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चढत होती. केबल घरात येते, घरातली सगळी घाण तिच्या जाळीवर बसते आणि सरपटत गच्चीवरच्या अँटेनापर्यंत जाते, दोन्ही केबलमधून सारखीच. मग दोन अँटेना आहेत असं फक्त दिसतं, खरं दोन्हीकडे घरघरच घरघर. दोन्ही केबल फेराईटच्या मोठ्या रिंगमधून दहा-बारा वेढे देऊन घेतल्या तेव्हा ते थांबलं. फेजर घेण्याआधी या रिंगा घ्या, माझं ऐका, निम्मा त्रास तिथेच संपतो.

लिफ्ट गप्प केली की तिच्याखाली दबलेली दुसरी घरघर दिसायला लागते, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुठल्यातरी इन्व्हर्टरची. तिला त्याच दोन वायरींनी घालवता येत नाही. दोन अँटेनांचा एक नल, तीन अँटेनांचे दोन, चारचे तीन, असा सरळ हिशोब आहे. अँटेना वाढवत नेल्या की गप्प करण्याबरोबरच हव्या त्या दिशेला कान टवकारणंही जमायला लागतं. ही कल्पना काही नवी नाही, जर्मनीतल्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांना वेगवेगळ्या फेजने सिग्नल देऊन लाट एका दिशेला वळवून दाखवली होती, आणि १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर मिळालं. आपल्याला तर हे बघायला फार लांब जायलाही नको. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, काही एका जागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. त्या तीसही डिश आकाशातून आलेल्या लाटेचा काटा कुठे किती सरकला हेच मोजतात आणि जुळवतात. मी वहीत दोन वायरींचा जो हिशोब केला त्याचाच तो मोठा भाऊ. एसटीने पुण्याला जाताना नारायणगाव आलं की मी प्रत्येक वेळी त्या बाजूला मान वळवतो, रस्त्यावरून डिश दिसो न दिसो.

या वर्षी मळ्यात तिसरी वायर ताणायची आहे. मुंबईला एक नल आणि बरोबर दक्षिणेला पुण्याच्या ७९२ ला दुसरा, असं दोन्ही करून त्या बाजूच्या बँडमध्ये खाली काय दबलंय ते बघायचं आहे. फेब्रुवारीत खुडा सुरू झाला की बागेत क्रेट, माणसं आणि गाड्यांची वर्दळ होते, त्याच्या आत हे उरकायला पाहिजे. मामा म्हणालेत बांधावरच्या बाभळीपर्यंत ने, मोजलं तर दोन वायरींच्या मधल्या बिंदूपासून ते ५५ मीटर भरतं आणि मांडवापासूनही लांब आहे. केबल तेवढी कमी पडतेय, ती या आठवड्यात आणतो.